वीज की पेट्रोल?

पेण-रोह्याकडे मोटारीचे शौकीन एकत्र जमले, की एक वाद हटकून निघतो : मोटार विजेची बरी की पेट्रोलची? पेट्रोलचा अभिमानी म्हणतो, "इंजिनाची घरघर कानी पडत नसेल, तर गाडी हाकण्यात मौज कसली? शिवाय टाकी पाच मिनिटांत भरते. बॅटरीसाठी ताटकळत बसावे लागते." त्यावर दुसरा हसून सांगतो, की ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्याच मोटारीने, आणि तोही १८९९ साली!

मग पहिला नेमका प्रश्न विचारतो, "पण तुमची वीज येते कोठून?"

रोहेकरांना याचे एक उत्तर नदीतच दिसते. भिरा येथील जलविद्युत्केंद्र १९२७ साली सुरू झाले. मुळशीच्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीवरून नळांतून खाली कोसळते, तेथील जनित्रे फिरविते आणि कुंडलिकेतून रोह्याकडे वाहत जाते. त्यात धूर नाही, राख नाही. मात्र मुळशीच्या धरणाखाली मावळ्यांची पिढीजात शेते बुडाली. त्यांसाठी १९२१ साली सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला, तरी धरण झालेच. शिवाय महाराष्ट्रातील बहुतांश वीज अद्याप दगडी कोळशावरच निघते.

दुसरा एवढ्याने हार मानीत नाही. पेट्रोलच्या इंजिनात निम्म्याहून अधिक उष्णता वाया जाते, हे तो दाखवून देतो. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर वाहने खोळंबली, की पेट्रोलचे इंजिन जागच्या जागी इंधन जाळीत राहते. विजेचे यंत्र स्वस्थ असते. हे मात्र पहिल्यालाही कबूल करावे लागते.