झोपेत अंथरूण ओले करणारे मूल

पाच वर्षांखालील मुलाने झोपेत अंथरूण ओले करणे हा आजार नव्हे. सात वर्षांच्या १०० मुलांपैकीही ५ ते १० मुलांना हा त्रास असतो; वाढत्या वयाबरोबर तो बहुधा आपोआप थांबतो. रात्री अधिक मूत्र तयार होणे, मूत्राशय भरूनही जाग न येणे, बद्धकोष्ठ व आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे होत. यात मुलाचा आळस वा खोडी नसते. म्हणून त्यास मारणे किंवा चारचौघांत लाजविणे सर्वथा अनुचित होय. त्यामुळे मूल खचते, त्रास मात्र कमी होत नाही.

दिवसभर पुरेसे पाणी द्यावे. निजण्यापूर्वी दोन तास ते कमी करावे. सायंकाळी चहा देऊ नये. निजताना लघवीस पाठवावे. शाळेत मुलाने लघवीस जाण्याची परवानगी मागितल्यास शिक्षकांनी ती नाकारू नये.

सहा महिने अंथरूण कोरडे राहून त्रास पुन्हा उद्भवल्यास, लघवीस जळजळ वा अतिशय तहान असल्यास, अथवा दिवसाही कपडे ओले होत असल्यास मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात विनाविलंब दाखवावे. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह यांची ती लक्षणे असू शकतात.