गुलाबी बोंडअळी : पाहणीसाठी किती बोंडे फोडावीत?

गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव बाहेरून लवकर लक्षात येत नाही. लहान अळी बोंडात शिरल्यावर छिद्र बुजते व बोंड वरून निरोगी दिसते. म्हणून हिरवी बोंडे फोडून पाहणे आवश्यक असते. किडलेल्या बोंडांचे प्रमाण १० टक्के झाल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजून फवारणी करावी, अशी शिफारस आहे. हे प्रमाण काढण्यासाठी किती बोंडे पुरेशी होतात?

समजा, शेतात खरोखरच १० टक्के बोंडे किडलेली आहेत. बांधावरची पाचच बोंडे फोडली, तर त्यात एकही किडलेले न सापडण्याची शक्यता शेकडा ५९ असते. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा आपण निर्धास्त घरी परतू आणि कपाशी आतून पोखरली जाईल. १० बोंडे पाहिल्यास ही शक्यता ३५ टक्के, २० पाहिल्यास १२ टक्के, तर ४० पाहिल्यास केवळ दीड टक्का उरते. एकरी २० बोंडे पाहण्याच्या शिफारशीचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

मात्र २० पैकी २ बोंडे किडकी निघाली, तरी प्रादुर्भाव नेमका १० टक्केच आहे असे नव्हे. तो सुमारे १ ते ३२ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकतो. १०० पैकी १० निघाल्यास हा अंदाज सुमारे ५ ते १८ टक्के इतका आटोक्यात येतो. अंदाजातील चूक निम्मी करावयाची तर नमुना चौपट घ्यावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

पाहणी पुढीलप्रमाणे करावी :

१) नागमोडी चालत, शेताच्या सर्व भागांतून, झाडे न निवडता २० हिरवी बोंडे तोडावीत.

२) पेरणीची तारीख किंवा वाण वेगळे असल्यास नमुना वेगळा घ्यावा.

३) एकही बोंड किडके नसल्यास पुढील आठवड्यात पुन्हा पाहावे.

४) १ ते ३ किडकी निघाल्यास त्याच दिवशी आणखी ४० बोंडे पाहावीत. एकूण ६० पैकी ६ किंवा अधिक किडकी असल्यास फवारणी करावी.

५) पहिल्याच २० मध्ये ४ किंवा अधिक किडकी आढळल्यास थांबू नये.

चाळीस बोंडे जादा फोडण्याचा खर्च एका अनावश्यक फवारणीपेक्षा कितीतरी कमी असतो.