कुकडीच्या काठानं जाशील तेव्हा

नाणेघाटापर्यंत सायकलनं जायचा बेत केलास, ऐकून फार बरं वाटलं. जाच तू. आईची समजूत मी घालते, तू मात्र ताईचं नीट ऐकून घे.

आधी एक कर, पुण्यापासूनच सायकल चालवत निघायचा हट्ट सोड. पुणे-नाशिक महामार्गावर ट्रक नि ट्रॉल्यांच्या बाजूनं जीव मुठीत धरून जाण्यात काय मजा? सायकल गाडीवर बांधून जुन्नर गाठ, रात्री तिथं राहा, मासवडी खा आणि सकाळी ताज्या पायांनी निघ. जुन्नर ते नाणेघाट तीसेक किलोमीटर. पण हे अंतर कागदावरचं. आपटाळे मागं पडलं की चढ-उतार सुरू होतात, आणि माणिकडोह धरणाचं पाणी दिसायला लागलं की तू दर वळणावर थांबणार, हे मी आत्ताच सांगते. थांब. घाईनं जाण्यासारखा तो रस्ता नाहीच. अलीकडं चावंड, पाण्यापलीकडं हडसर, पुढं जीवधन. किल्ल्यांच्या पहाऱ्यातून जातेस तू.

सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ धर. धरण भरलेलं असतं, भात पिवळं पडायला लागलेलं असतं, पठारावर सोनकी असते. ऐन पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना थेट तोंडावर. चढावर तो दम काढतो. शिवाय जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी नाणेघाटात जी गर्दी उसळते, तिच्यातून एकटीनं सायकल काढणं मला तरी नकोसं वाटतं. आठवड्यातला मधला वार धर आणि एखादी मैत्रीण सोबत घे.

आता आई ज्याला घाबरते, त्या बिबट्याचं. ती उगाच घाबरत नाही. जुन्नर-आंबेगावात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला बाराही महिने लपायला जागा झाली. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, त्यावरूनच समज. तिथल्या बायका शेतात जाताना जी काळजी घेतात, तीच तू घे. ऊन चांगलं वर आल्यावर निघ आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोच. पहाटेच्या धुक्यातला फोटो नाही मिळाला तरी चालेल. आणि हे कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते: लघवीला म्हणून उसाच्या कडेला किंवा झुडपाआड एकटीनं बसू नकोस. खाली बसलेलं, वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. घर दिसलं की सरळ जाऊन विचार. बाई बाईला नाही म्हणत नाही. बाथरूम नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं तर मुळीच नको, चढावर चक्कर येईल. पाळीचे दिवस असतील तर बेत पुढं ढकल किंवा सगळं सामान बरोबर ठेव; वाटेत दुकानात मिळेल या भरवशावर राहू नकोस. पंक्चरच्या साहित्याचं आणि पंपाचंही तेच.

पूर गावात कुकडेश्वराच्या प्राचीन मंदिरात टेक. कुकडीचा उगम तिथलाच मानतात. मग घाटघर, आणि शेवटी नाणेघाट. तिथल्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात तो. दोन हजार वर्षांपूर्वीचे यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी, सगळं त्यात नोंदलेलं. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरला येणारा माल याच वाटेनं चढायचा. तिथं जरा उभी राहा. कड्याच्या पलीकडं पडलेला पाऊस अरबी समुद्राला जातो आणि अलीकडचा कुकडी, घोड, भीमा करत बंगालच्या उपसागराला.

हा रस्ता पायात बसला की पुढच्या खेपेला घोडेगावहून डिंभे धरणाच्या काठानं आहुप्याकडं जा. मला तो जास्त आवडतो. तिथं पाणी अंगाशी येतं आणि डोंगर दाटतात. पण तिथं जाताना एक ठाऊक असू दे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं गाव याच पाण्याखाली गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे; महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला. धरणात जमिनी गेलेल्या महादेव कोळी कुटुंबांनी पाण्याच्या वर, डोंगरउतारावर पडकई करून, म्हणजे सगळ्यांनी मिळून बांध घालत भातखाचरं उभी केली. तुला फोटोत जी हिरवी पायरी-पायरी दिसेल, ती या माणसांच्या अंगमेहनतीची आहे. म्हणून बांधावरून सायकल नेऊ नकोस. रस्त्याच्या कडेला भात किंवा हिरडा वाळत घातलेला असेल तर उतरून चालत जा. हिरडा हे इथल्या घरांचं रोख उत्पन्न आहे. जेवण गावातल्या घरीच सांग, आदल्या दिवशी सांग, आणि पैसे देताना घासाघीस करू नकोस. पाण्यात मात्र उतरू नकोस, कितीही शांत दिसलं तरी. काठाला गाळ असतो, पाय रुतला की निघत नाही.

निघायच्या आधी कुठल्या गावी किती वाजता पोचशील ते आईला कागदावर लिहून दे, कारण डोंगराआड फोन लागेलच असं नाही. आणि सायकलचे ब्रेक जुन्नरला पोचायच्या आधीच नवे बसवून घे, परतीच्या वाटेला उतार जास्त आहे.