वेबसाइटवर आधी काय सुधारायचं? माझ्या चुकीतून शिका

व्हिडिओत दाखवलेली पद्धत इथे लिहून देतोय, म्हणजे समोर ठेवून करता येईल.

आधी माझी चूक. आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. धनत्रयोदशीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा सीझन. एका वर्षी नेमक्या त्याच्या तोंडावर मी रात्री जागून ‘आमच्याविषयी’ हे पान सजवलं. आजोबांचा फोटो, दुकानाचा इतिहास, सगळं झकास! आणि पितळी पातेल्यांचं पान? किंमत नाही, माप नाही, कल्हई आहे की नाही तेही नाही. लोक यायचे, बघायचे, निघून जायचे. सीझन तसाच हातचा गेला.

गिऱ्हाईक काउंटरपाशी उभं असताना आपण पाटी रंगवायला जातो का? वेबसाइटवर मी तेच केलं होतं.

पायरी १: प्रश्न गोळा करा. महिन्याभराचे व्हॉट्सॲप मेसेज काढा. जो प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, त्याचं उत्तर पानावर नाही किंवा सापडत नाही. आम्हाला रोज विचारायचे, “यात आमटी चालेल का?” चिंच, टोमॅटो, ताक असं आंबट असेल तर पितळेला आतून कल्हई हवीच. हे लिहायला दहा मिनिटं लागली!

पायरी २: गूगल सर्च कन्सोल उघडा. फुकट आहे. ‘परफॉर्मन्स’मध्ये पानांची यादी बघा. इम्प्रेशन्स म्हणजे पान शोधात किती वेळा दिसलं, क्लिक्स म्हणजे त्यावर किती वेळा क्लिक झालं.

- पहिल्या दहात दिसतंय, पण क्लिक नाही? शीर्षक बदला. ‘प्रॉडक्ट १’ऐवजी ‘कल्हई केलेलं पितळी पातेलं, ३ लिटर’.
- क्लिक आहे, पण ऑर्डर नाही? किंमत, फोटो, माप, डिलिव्हरी तपासा.

पायरी ३: मार्क द्या. प्रत्येक कामाला १ ते ३ मार्क: विक्रीच्या किती जवळ? किती लोक बघतात? करायला किती सोपं? तिन्हींचा गुणाकार करा. पातेल्याची किंमत टाकणं: ३ × ३ × ३ = २७. ‘आमच्याविषयी’ सजवणं: १ × १ × १ = १. मी त्या १ मार्कासाठी रात्री जागलो होतो!

एक अपवाद. जुना फोन नंबर, जुनी किंमत, संपलेला माल अशा चुकांना मार्क द्यायचे नाहीत. त्या आजच दुरुस्त करायच्या. चुकीच्या माहितीने गिऱ्हाईकाचा विश्वासच जातो.

आणि सगळी वेबसाइट एकदम उलथीपालथी करू नका. सगळ्यात जास्त मार्कांचं एक पान घ्या, बदल करा, तारीख वहीत लिहा. २८ दिवसांनी आधीच्या २८ दिवसांशी तुलना करा. मात्र सणाचे दिवस आणि एरवीचे दिवस यांची तुलना नको, आकडे फसवतात.

आजचा होमवर्क: पाच कामं लिहा, मार्क द्या, आणि पहिलं काम झोपायच्या आधी उरका. भेटू पुढच्या व्हिडिओत!