माडीच्या सागवानी फळ्यांना काय लावावे?

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची माडी सागवानी फळ्यांची आहे. फळ्या आठ-आठ इंच रुंद, खाली थेट स्वयंपाकघर. वरचे पॉलिश पार उडाले आहे, काही फळ्यांच्या कडा उचलल्या आहेत आणि थंडी सरता सरता फटींतून खालचा दिवा दिसतो. सुतार म्हणतात, लांबी भरून वर पीयू मारू, चकचकीत होईल. काका म्हणतात, तेल लावा. आई रोज फिनेलच्या पाण्याने पुसते. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : काकांचे ऐका. मात्र कोणते तेल आणि कोणत्या महिन्यात, हे नीट ठरवून मगच हात घाला.

आधी फटींचे बोलू, कारण खरा प्रश्न तिथेच आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलते. पावसाळ्यात हवेतला ओलावा पिऊन फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. साग यात इतर लाकडांपेक्षा शांत, तरीही आठ इंची फळी वर्षभरात एक-दोन मिलिमीटर सहज कमी-जास्त होते. फेब्रुवारीत दिसणारी फट ही त्या फुगण्यासाठी ठेवलेली जागा आहे. तिथे लांबी भरलीत तर जुलैत फळ्या तिला चेपून वर काढतील, कडा दुखावतील, आणि पुढच्या वर्षी भुगा खाली पानात पडेल. धूळ खाली येते म्हणून फट बंद करायचीच असेल तर खालच्या बाजूने पातळ लाकडी पट्टी मारा. खिळे मात्र एकाच फळीत ठोका, दुसरी मोकळी राहू द्या.

आता पीयू. पीयू, विशेषतः हार्डनर मिसळून मारायचे, फार टणक असते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये कारखान्यात तयार झालेल्या, खाली घट्ट चिकटवलेल्या लाकडी फरशीवर ते उत्तम टिकते. तिथे मी तेलाचा आग्रह धरणार नाही. पण तुमच्या फळ्या एकमेकींपासून सुट्या हलतात. पीयूचा पापुद्रा सांध्यावरून एकसंध जातो, आणि फळ्या हलल्या की नेमका तिथेच फाटतो. मग पाणी त्या पापुद्र्याखाली शिरते आणि बाहेर यायला वाट उरत नाही. लाकूड काळे पडते, वरचा थर सुटू लागतो. दुरुस्ती म्हणाल तर हातभर जागेपुरते पीयू लावले की जोड कायम दिसत राहतो. बहुतेक वेळा अख्खी खोलीच पुन्हा घासावी लागते. तेलाचे तसे नाही. कपाट ओढताना ओरखडा उठला तर तेवढी जागा पॉलिश पेपरने घासा, तेलाचा बोळा फिरवा, झाले.

कडा उचलल्या आहेत त्याचे कारण बहुधा खालचे स्वयंपाकघर. भाताची वाफ रोज फळीच्या पोटाला लागते, पोट फुगते, पाठ कोरडी राहते, म्हणून कडा वर येतात. अशा स्थितीत वरची बाजू पीयूने बंद करणे म्हणजे हा फरक वाढवणे. आणि या उचललेल्या कडा आत्ता रंध्याने सपाट करू नका. ओली फळी सपाट केली की सुकल्यावर तिचा मधला भाग उंच राहतो, आणि ते मग सुधारत नाही. आधी वाफ बाहेर जाण्याची सोय करा, एक कोरडा हंगाम जाऊ द्या. बऱ्याच फळ्या आपसूक खाली बसतात.

काम काढायचे ते जानेवारी-फेब्रुवारीत. पहिल्यांदा जुने पॉलिश कोणते होते ते पाहा. कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा दाबून धरा. चिकट झाले तर ते चपडा लाखेचे पॉलिश. टर्पेंटाईनने चोळल्यावर फडक्यावर पिवळट-तपकिरी मळ आला तर मेण. दोन्ही पूर्ण निघायला हवे, मेण तर नक्कीच, कारण मेणावर काही धरत नाही. खिळ्यांची डोकी पंचने आत घालून घ्या, नाहीतर पेपर फाटतो. मग ६० नंबर, ८०, आणि शेवटी १२०, रेषांच्या दिशेनेच. मधला नंबर गाळू नका, ६०चे ओरखडे १२०ने जात नाहीत. त्याहून गुळगुळीत करण्याचा मोह टाळा, तेल आत मुरत नाही. आणखी एक, सागात स्वतःचे तेल असते आणि ते वरच्या लेपाला सुकू देत नाही. म्हणून लावण्याच्या अगदी आधी फळ्या थिनरने पुसून घ्या.

तेल कोणते? खोबरेल नको. आपल्याकडे दाराच्या चौकटींना ते चोळतात, पण ते कधी सुकत नाही, धूळ धरते. जवसाचे कच्चे तेल सुकायला कित्येक दिवस घेते आणि पावसाळी हवेत त्यावर बुरशी येते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड लिनसीड बरे. माझी पसंती मात्र हार्डवॅक्स ऑइलला. सुकणारे तेल आणि कार्नाउबासारखे कडक मेण यांचे ते मिश्रण असते. महाग आहे, बहुधा शहरातून मागवावे लागेल, पण पायाखालच्या लाकडाला तेच शोभते आणि टिकते. कोणतेही घ्या, पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे पुसून काढा, दुसरा हात पहिला पुरता सुकल्यावर. पुसायला कंटाळा केला तर जमीन महिनाभर पायाला चिकटेल. खालची बाजूही काजळी धुऊन, सुकवून, एक हात तेल लावून घ्या. दोन्ही बाजूंना सारखे संरक्षण मिळाले की फळी कमी वाकते.

इथे थांबून एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकते ते हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन, आणि त्यात उष्णता निर्माण होते. ढिगात ती अडकते आणि काडी न ओढताही फडकी पेटतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या उंच इमारतीला लागलेली आग अशाच फडक्यांतून सुरू झाली. त्यात अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. फडकी अंगणात एकेक पसरून कडक वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. कामाला येणाऱ्या पोराटोरांनाही हे समजावून सांगा.

आता आईंचे पुसणे. फिनेलपेक्षा पाण्याचाच त्रास जास्त, ते सांध्यात मुरते आणि खिळ्यांभोवती काळे डाग पाडते. रोज कोरडी केरसुणी, आणि आठवड्यातून एकदा पक्के पिळलेले फडके पुरे. पाणी सांडले तर लगेच टिपायचे. रेतीचा कण लेपापेक्षा कितीतरी कठीण असतो, म्हणून जिन्याच्या तळाशी काथ्याचे पायपुसणे ठेवा. खुर्च्यांच्या पायांखाली नमद्याचे तुकडे चिकटवा. रबरी तळाची चटई नको, तिच्याखाली ओल कोंडते.

वर्षातून एकदा, दिवाळीची झाडलोट झाली की, रोजच्या वाटेवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. थेंब उभे राहिले तर काही करू नका. पाच मिनिटांत लाकूड गडद झाले तर तेवढ्या पट्ट्यावर तेलाचा एक हात द्यायची वेळ झाली आहे.