हजेरीपट खरं बोलेल का? सुरक्षा संस्था, मान्यता आणि संगणक प्रणाली

(बी. ई. संगणक, अंतिम वर्ष)



पहाटे पाचला भोकरच्या कुठल्याही रस्त्यावर जा, पोरं पळताना दिसतील. कुणाला पोलीस व्हायचंय, कुणाला लष्करात जायचंय. शेजारच्या मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण महाविद्यालय आहे, त्यामुळे आपल्या भागात वर्दीचं वेड जरा जास्तच. पण भरतीच्या जागा थोड्या आणि पळणारे पाय फार. उरलेल्यांपैकी बरेच जण मग पुण्याची नाहीतर हैदराबादची वाट धरतात आणि 'सिक्युरिटी'त लागतात.

आमच्या गल्लीतला एक दादा असाच पुण्यात एका कंपनीच्या गेटवर उभा असतो. दिवाळीला गावी आला तेव्हा मी विचारलं, "दादा, ड्यूटी किती तासांची?" तो हसला. म्हणाला, "कागदावर आठ, खरी बारा. रिलीव्हर नाही आला तर डबल." "मग मस्टरवर काय लिहितात?" "मस्टर महिन्याच्या शेवटी सायेब एकदमच भरतेत."

गंमत अशी की तपासणीला कुणी आलं की हाच मस्टर पुढे ठेवला जातो. त्यात सगळं नियमात असतं. दादाचे जास्तीचे तास मात्र त्यात कुठेच नसतात, आणि म्हणून त्याच्या पगारातही नसतात. हा प्रश्न संगणकाने सुटेल का, आणि कितपत, याचा अभ्यास म्हणजे हा लेख. प्रोजेक्टसाठी विषय शोधणाऱ्यांनी जरा लक्ष देऊन वाचावा!

१) परवाना आणि मान्यता

आपल्या महाराष्ट्राने या विषयात फार आधी पाऊल टाकलं. 1981 साली खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी राज्याने कायदा केला आणि त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं स्थापन झाली. मंडळाकडे नोंद असलेल्या रक्षकाचा पगार मालक मंडळाकडे भरतो आणि मंडळ तो रक्षकाला देते.

पुढे देशपातळीवर 'खासगी सुरक्षा संस्था (विनियमन) अधिनियम, 2005' आला. आता परवान्याशिवाय सुरक्षा संस्था चालवता येत नाही. परवाना 5 वर्षांचा असतो. रक्षकाचं वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत हवं, त्याच्या चारित्र्याची पडताळणी हवी, प्रशिक्षण हवं. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण किमान 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर, निदान 20 कामाच्या दिवसांत, असं सांगितलं आहे. माजी सैनिकांना 40 आणि 16 तासांचा छोटा अभ्यासक्रम आहे. दर 12 महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. एका पर्यवेक्षकाखाली जास्तीत जास्त 15 रक्षक. रक्षक वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले असतील तर निदान दर 6 रक्षकांमागे एक पर्यवेक्षक. शिवाय रक्षकांची नावं, पत्ते, फोटो आणि पगार यांची नोंदवही ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

हे झालं सक्तीचं. याच्या वर स्वेच्छेने घ्यायच्या मान्यता असतात. गुणवत्तेसाठी आयएसओ 9001 आपल्याला माहीतच आहे. खासगी सुरक्षा कामासाठी 2015 साली आयएसओ 18788 हे खास मानक आलं. ब्रिटनमध्ये तिथल्या सुरक्षा उद्योग प्राधिकरणाची 'मान्यताप्राप्त कंत्राटदार योजना' 2006 पासून चालू आहे. रक्षकाची मागील 5 वर्षांची माहिती तपासायची पद्धतही त्यांच्या बीएस 7858 या मानकात ठरवून दिलेली आहे.

नावं वेगळी, देश वेगळे, पण तपासनीस सगळीकडे एकच गोष्ट मागतो : "तुम्ही म्हणता ते घडलं, याचा पुरावा दाखवा."

२) 168 चं गणित

आता वही-पेन घ्या. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा. आठवड्याचे तास झाले 24 × 7 = 168. एका माणसाने आठवड्याला 48 तास काम केलं, तर 168 भागिले 48 = 3.5 माणसं लागतात. म्हणजे दोन गेटांना सात जण, तेही कुणी आजारी पडलं नाही आणि कुणी रजा घेतली नाही तर.

आता त्याच गेटवर तीनच जण नेमले तर प्रत्येकी 56 तास, म्हणजे साप्ताहिक सुट्टी गेली. दोनच नेमले तर प्रत्येकी 84 तास. दादा म्हणतो ती 'बारा तासांची ड्यूटी' म्हणजे हीच.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. माणसंच कमी नेमली तर नियम पाळणं गणितानेच अशक्य होतं. मग मस्टर खोटा भरण्यावाचून मार्ग उरत नाही. म्हणून चांगल्या प्रणालीचं पहिलं काम हजेरी घेणं नाही, तर कंत्राट घेतानाच सांगणं : "साहेब, या पॉइंटला दोन माणसं पुरणार नाहीत."

३) प्रणालीची रचना

डेटाबेसमध्ये निदान पाच तक्ते हवेत.

(अ) रक्षक : नाव, जन्मतारीख, फोटो, नेमणुकीची तारीख.
(आ) दाखले : प्रशिक्षण, पोलीस पडताळणी, वैद्यकीय तपासणी. प्रत्येकाला सुरुवातीची आणि मुदत संपण्याची तारीख.
(इ) पॉइंट : जागा, किती माणसं, किती पाळ्या, पर्यवेक्षक कोण.
(ई) ड्यूटी चार्ट : कोण, कुठे, केव्हा असायला हवा.
(उ) हजेरी : प्रत्यक्षात कोण, कुठे, केव्हा होता.

शेवटचे दोन तक्ते वेगळे ठेवणं हा सगळ्या रचनेचा गाभा आहे. ठरलेलं आणि घडलेलं यांतला फरक तिथेच दिसतो. कागदी मस्टरमध्ये हे दोन्ही एकाच रकान्यात कोंबलेले असतात, म्हणून फरक लपतो.

नेमणूक करताना प्रणालीने आधी तपासावं. उदाहरणार्थ :

जर वैद्यकीय तपासणीला 12 महिने होऊन गेले असतील, तर नेमणूक अडवा.
जर मागची पाळी संपून ठरलेली विश्रांती झाली नसेल, तर इशारा द्या आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव नोंदवा.
जर दाखल्याची मुदत 30 दिवसांत संपत असेल, तर कार्यालयाला यादी पाठवा.

असं झालं की तपासणीच्या आदल्या रात्री फायली शोधायची धावपळ राहत नाही. रोजचं काम करता करताच पुरावा तयार होतो.

४) नियम तक्त्यात ठेवा

आपण नवशिके प्रोग्रामर 48, 12, 15 असे आकडे थेट प्रोग्राममध्ये लिहून टाकतो. इथे ते महागात पडेल. एकतर राज्ये आपापले नियम करतात. दुसरं म्हणजे कायदे बदलतात. 2005 च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी अशा कामगार कायद्यांची यादी आहे आणि त्यांचा भंग झाला तर परवाना जाऊ शकतो. पण देशातले 29 कामगार कायदे चार संहितांमध्ये आणले गेले आणि या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. आकडे प्रोग्राममध्ये कोरले असतील तर अशा वेळी सगळं पुन्हा लिहावं लागेल. म्हणून प्रत्येक नियम तक्त्यात ठेवावा, त्यासोबत 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' या तारखाही. मागच्या वर्षीची हजेरी मागच्या वर्षीच्याच नियमाने तपासली गेली पाहिजे.

५) खोटेपणा कुठून शिरतो?

संगणक आला की सचोटी आली, असं मुळीच नाही. एकाचा मोबाईल दुसऱ्याच्या हातात देता येतो. मोबाईलचं ठिकाण खोटं दाखवणारी ॲप्स मिळतात. तळघरात रेंज नसते, आणि "रेंज नव्हती" या सबबीखाली हजेरी नंतर भरली जाते.

यावर काही साधे उपाय आहेत. रेंज नसेल तर नोंद फोनमध्ये साठवावी आणि दोन वेळा जपाव्यात : घटना घडली ती वेळ आणि सर्व्हरवर पोचली ती वेळ. दोन्हींत फार अंतर दिसलं की चौकशी. नोंद कधीही खोडू देऊ नये. चूक झाली तर दुरुस्तीची नवी नोंद करावी, कुणी केली, केव्हा आणि का, यासह. अगदी शाळेतल्या गणितासारखं. चुकलं तर एक रेघ मारा, पण पान फाडू नका!

बोटांचे ठसे किंवा चेहरा वापरायचा असेल तर ती माहिती रक्षकाची आहे हे विसरू नये. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. आणि ड्यूटी संपल्यावर माणूस कुठे आहे हे बघण्याचं प्रणालीला काही कारण नाही.

पण सगळ्यात मोठा उपाय तांत्रिक नाही. रक्षकाला स्वतःचे तास स्वतःला दिसले पाहिजेत, मराठीत, मोठ्या अक्षरात. स्मार्टफोन नसेल तर महिन्याला साध्या एसएमएसने. कार्यालयात 26 पाळ्या आणि रक्षकाच्या हिशेबात 34 असतील, तर त्याला "हे चुकलंय" असं नोंदवता आलं पाहिजे, आणि ती हरकतही तपासनीसाला दिसली पाहिजे. ज्याच्या घामाची नोंद आहे त्याच्याच हातात तिची प्रत असेल, तर खोटं लिहिणं अवघड होतं.

६) शेवटी

मित्रांनो, मान्यतेचं प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लागतं, पण ते मिळवून देणारा माणूस गेटवर उभा असतो. आपली प्रणाली फक्त भिंतीसाठी बनवली तर ती खोटा मस्टर जास्त सुबक छापून देईल, एवढंच. गेटवरच्या माणसासाठी बनवली तर प्रमाणपत्र आपोआप मागे येईल.

दादाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते समदं ठीक हाय. पण बारावा तास तुझ्या मशीनला दिसंल का?"

दिसायला हवा. आपण प्रोग्राम लिहायला बसू तेव्हा पहिली चाचणी हीच ठेवू या.