पाटी काढलेला ट्रान्सफॉर्मर

जुन्या ट्रान्समीटरचे सुटे भाग शोधत फिरणाऱ्यांनी हे वाचावंच, कारण मला गंडवणारा गृहस्थ आजही दुकान थाटून बसलाय.

दोन ८०७ व्हॉल्व्ह घालून ४० मीटरचा एएम सेट बांधायचा होता. अडलं होतं एचटी ट्रान्सफॉर्मरपाशी. मुंबईतल्या या भंगारवाल्याकडे लष्करी लिलावातला एक जडशीळ नग होता. पाटी नाही, टर्मिनलवर आकडे नाहीत. मी पुन्हा पुन्हा विचारलं. "साहेब, पॉवर ट्रान्सफॉर्मरच आहे. आम्ही काय आज धंद्यात आलोय?" मीटर लावतो म्हटलं, तर म्हणे, "मीटर लावायचा तर शोरूममध्ये जा."

घरी ओहम मोजले. दोन्ही बाजू शंभराच्या पुढे. एवढ्या धुडाची २३० व्होल्टची बाजू जेमतेम काही ओहमची हवी. सिरीज दिव्यातून मेन्स दिला, तर दिवा भगभगला. पत्रे पाहिले: सगळे ‘ई’ एकीकडे, सगळे ‘आय’ दुसरीकडे, मध्ये कागदाची फट. वाइंडिंगमधून डीसी वाहणार असेल तरच अशी फट ठेवतात. हा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर होता!

परत करायला गेलो. गल्ल्यामागे खिळ्याला सुट्या पाट्यांची माळ लटकत होती. शौकीन लोक त्या शोभेला घेतात. त्यातली एक उचलून नगावर ठेवली. चारही भोकं तंतोतंत जुळली आणि पाटीवर स्पष्ट कोरलेलं, ‘मॉड्युलेशन’. पठ्ठ्यानं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "ती पाटी वेगळी विकायची आहे. घेता का?" पैसे अर्थातच मिळाले नाहीत.

आता तुमच्यासाठी.

अनोळखी ट्रान्सफॉर्मरला आधी ओहममीटर, मग सिरीज दिवा. गुणोत्तर काढायचं तर सर्वांत जास्त ओहमच्या वाइंडिंगला ६-१२ व्होल्ट एसी द्या आणि बाकीच्यांवर मोजा. तेच ६ व्होल्ट चुकून हीटरच्या वाइंडिंगला दिलेत, तर पलीकडे पुरा एचटी उभा राहतो. तो जीव घेतो.

८०७ म्हणून १६२५ गळ्यात मारतात. काच सारखीच, वर टोपीही तशीच. पण ८०७ ला पाच पिना आणि ६.३ व्होल्टचा हीटर, १६२५ ला सात पिना आणि १२.६ व्होल्ट. पिना मोजायला मीटर लागत नाही.

व्हॉल्व्हवरचे पुसट आकडे वाचायला काचेवर तोंडाची वाफ सोडा. स्पिरिटनं पुसलंत तर आकडेही जातील. आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली. फुकटही घेऊ नका. आत पाऱ्याचे थेंब दिसले तर तो ८६६ सारखा रेक्टिफायर. नीट गुंडाळून न्या, फुटू देऊ नका.

गँग कंडेन्सरच्या पात्यांमधली फट पाहा. रिसीव्हरची गँग ट्रान्समीटरच्या टँकला लावाल तर ठिणग्याच पाहाल. तेलाचे जुने कंडेन्सर उघडू नका. त्यांत पीसीबी हे विषारी तेल असू शकतं.

बाकी नेहमीचंच: पावती घ्या, जाणकाराला सोबत न्या, घाई करू नका.

आणि जो दुकानदार मीटर लावू देत नाही, त्याला आपण काय विकतोय ते पक्कं ठाऊक असतं. त्याच्याकडून काहीही घेऊ नका.